सहाच्या अंधारातला तुकडा

१

दिवे पुन्हा लागले तेव्हा काचेचं कपाट रिकामं होतं.

आधी ओरडली ती लॉरेल. "गेला! ग्वेन, अगं माझा तुकडा गेला!"

तिला 'माझा' म्हणायचा पुरेपूर हक्क होता. महिन्यापूर्वी गावाजवळच्या हवाई दलाच्या तळावरच्या मालवाहू विमानानं आमच्या गावावरून उड्डाण केलं आणि त्याच्या पोटावरचं झाकण फाटून निघालं. शेपटीला धडकून त्याचे तुकडे झाले. विमान कसंबसं परत उतरलं, आतल्या एकाचा हात मोडला. एक तुकडा लॉरेलच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला आणि तिची लाडकी कोंबडी डचेस जागच्या जागी गेली. खुराड्याच्या कुंपणापलीकडे शाळा आहे, आणि तेव्हा पोरं मैदानात होती. हवाई दलानं पत्रक काढलं: किरकोळ घटना, सर्व अवशेष तळाच्या हद्दीतच सापडले, नागरिकांना कोणताही धोका नव्हता. डचेसचा उल्लेख नव्हता.

लॉरेल आमच्या माजी सैनिक क्लबचा बार सांभाळते. तिनं तो तुकडा तळावर द्यायला साफ नकार दिला. "त्यांना दिला की आपण विचारलेल्या प्रश्नांचं जे झालं तेच याचं होईल," म्हणाली, आणि क्लबातल्या काचेच्या कपाटात बोलिंगच्या करंडकांमध्ये मांडून टाकला. खाली चिठ्ठी लावली, 'हवाई दलाकडून सप्रेम भेट.' सगळ्या वेरिंगल गावानं येऊन तो पाहिला.

मी ग्वेन पासमोर. इथलं साप्ताहिक मी चालवते. बातम्या लिहिते, जाहिराती मागते, आणि कोणाच्या लग्नाचा फोटो छापायचा राहिला तर भर बाजारात बोलणी खाते. महिनाभर मी तळाला एकच प्रश्न विचारत होते: झाकण का निघालं? आठवड्यापूर्वी उत्तर आलं. 'एका देखभाल कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक.' नाव दिलं नव्हतं, पण पाच हजारांच्या गावात ते द्यावं लागत नाही. त्या झाकणावर शेवटचं काम कॉर्पोरल टेस डॉकरीनं केलं होतं. टेसची नोकरी जाणार, वर खटला चालणार, आणि त्याच जातीची बाकीची विमानं रोज सकाळी शाळेवरून उडतच राहणार.

फोटो सगळ्यांकडे होते. पण धातूतली भेग जुनी की पडल्यावरची, हे फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी शहरातून धातूंच्या तज्ज्ञ डॉ. इमोजेन फॅल उद्या येणार होत्या. उद्या संध्याकाळी याच क्लबात जाहीर सभा होती.

आणि आज कपाट रिकामं.

"कोणी बाहेर जायचं नाही," मी म्हणाले. मला तसा काही अधिकार नव्हता, पण आमचा हवालदार दूरच्या एका मळ्यावर चोरीच्या मेंढ्या शोधत होता. शिवाय माझा आवाज मोठा आहे.

माझ्याहून मोठा आवाज त्या खोलीत एकाचाच होता. टेसचा बाप, क्लाइव्ह डॉकरी. हवाई दलाच्या भटारखान्यात उभी हयात काढलेला हा म्हातारा पुढे आला आणि ठासून म्हणाला, "दिवे मंद होत होते तेव्हा मी स्वतः पाहिलाय. चमकत होता तिथं. अंधारातच उचलला कोणीतरी."

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. कपाटाला लागून, दाराशी, एकच माणूस उभा होता, आणि तो तळावरचा होता.

२

आमच्या क्लबात रोज संध्याकाळी सहाला दिवे मंद होतात. बिअरचा नळ थांबतो, जुगाराची यंत्रं गप्प होतात, आणि असेल तो माणूस उठून पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करतो. तिथं लाकडी फळीवर गावातून लढायला जाऊन परत न आलेल्यांची नावं आहेत. ध्वनिफितीवर ठरलेले शब्द वाजतात, शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची, मग थोडी शांतता, मग दिवे. बाहेरून आलेला पर्यटकसुद्धा घास तोंडात धरून उभा राहतो. क्लाइव्ह सगळ्यात पुढे, भिंतीपासून हातभर अंतरावर असतो. त्या फळीवर त्याच्या थोरल्या भावाचं नाव आहे.

दार आणि कपाट पूर्वेला. म्हणजे त्या मिनिटात सगळ्यांच्या पाठी कपाटाकडे. चोरासाठी याहून सोयीचं मिनिट शोधून सापडलं नसतं.

दाराशी उभे होते फ्लाइट लेफ्टनंट एड्रियन स्पार्गो. तळाचे जनसंपर्क अधिकारी, म्हणजे माझ्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा पगार घेणारे. आज साध्या कपड्यांत होते, आणि खांद्याला बॅग.

"बॅग उघडता का साहेब?"

"मिसेस पासमोर, तुम्ही पोलीस नाही."

"नाहीच. मी फक्त छापते. 'अधिकाऱ्यानं बॅग उघडायला नकार दिला,' हे पहिल्या पानावर छान बसेल."

त्यांनी बॅग उघडली. छत्री, पाण्याची बाटली, उद्याच्या सभेत वाचायचं निवेदन. मी निवेदनावर नजर टाकली. तीच 'वैयक्तिक चूक', फक्त अक्षरं मोठी.

"इथं कशाला आलात?"

"बिअर प्यायला."

"खोटं बोलतोय!" लॉरेल बारमागून ओरडली. "दुपारी फोन करून कपाटाची किल्ली मागत होता. मी म्हटलं, आधी डचेसची माफी माग."

स्पार्गोंचे कान लाल झाले. "मला तो तुकडा बघायचा होता. बस, बघायचा होता."

"महिनाभर तुमची पत्रकं सांगतायत की असा तुकडाच नाही. मग बघायचं काय होतं?"

त्यांनी बॅगेची चेन ओढून लावली. या माणसाला काहीतरी सांगायचंय आणि ते सांगायची त्याला मुभा नाही, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पण चोर म्हणावं, तर तुकडा होता चांगला ताटाएवढा, आणि तो त्यांच्याकडे कुठेच नव्हता.

"अंधारात तुमच्या बाजूनं कोणी गेलं?"

"कोणी हललंसुद्धा नाही," ते म्हणाले. "मी शपथेवर सांगेन. माझ्यापासून कपाट हातभर होतं. दाराचा आवाज नाही, पावलाचा नाही. मिसेस पासमोर, त्या मिनिटात इथं कोण हलेल?"

मला हा माणूस आवडत नव्हता. पण या एका बाबतीत तो खरं बोलतोय याची मला खात्री पटली, आणि त्यामुळे मी आणखीच गोंधळात पडले.

३

दुसरा संशयित होता आमचा महापौर केल्विन नटाल. शाळेपलीकडे, बरोबर उड्डाणमार्गाखाली, त्याच्या मेव्हण्यानं घरांचे भूखंड पाडले आहेत. आकाशातून लोखंड पडतं म्हटल्यावर तिथं घर कोण घेणार?

"केल्विन, तुकडा विकत मागितला होतास ना लॉरेलकडे?"

"गावाच्या संग्रहालयासाठी."

"गावाला संग्रहालय नाही."

"काढणार होतो!" त्यानं घाम पुसला. "ग्वेन, उगाच माझ्यामागे लागू नकोस. मी यंत्रावर होतो, जिंकत होतो. सहा वाजले, यंत्र थांबलं, उभा राहिलो. माझ्या शेजारी तूच होतीस की!"

होते. शेवटची ओळ म्हणताना त्याच्या तोंडाचा कांद्याचा वास मला आला होता. केल्विन सुटला. त्याचा मला जरा रागच आला, कारण तो चोर निघाला असता तर माझा आठवडा मजेत गेला असता.

क्लाइव्ह आपली बर्फाची पेटी उचलून निघाला होता. गुरुवारची मटणाची सोडत तोच चालवतो. सहाच्या आधी तिकिटं काढतो आणि ज्याचा नंबर लागेल त्याला चॉप्स नाहीतर सॉसेजचा ट्रे देतो. त्या दिवशी एक ट्रे कमी निघाला होता. "खराब झाला," म्हणाला होता, आणि केल्विन त्यावरून कुरकुरलाही होता, कारण त्याचं तिकीट लागायच्या बेतात होतं, असं त्याचं म्हणणं. केल्विनचं तिकीट नेहमीच लागायच्या बेतात असतं.

"जाऊ का ग्वेन? मटण आहे, उन्हाळा आहे."

"जा बाबा."

तो गेला. लॉरेल ग्लास पुसत माझ्याकडे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याच्यासमोर बोलले नाही. टेस आली होती. सहाच्या बरीच आधी."

"टेस? इथं?"

"तुकडा बघू दे म्हणाली. मी किल्ली दिली. पोरगी आहे, माझ्या मांडीवर वाढलीये. कपाट उघडलं, हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. मग किल्ली परत हुकाला लावली आणि रडत बाहेर गेली. हमसून हमसून, ग्वेन."

"तेव्हा तुकडा कपाटात होता?"

लॉरेलच्या हातातलं फडकं थांबलं. "मी बघितलंच नाही. पण क्लाइव्हनं दिवे जाताना बघितला ना. मग टेस नाही. तेव्हा ती कुठे होती इथं?"

बरोबर. क्लाइव्हच्या त्या एका वाक्यानं टेस सुटत होती. मी बिअर तशीच ठेवून उठले आणि क्लाइव्ह उभा राहतो त्या जागी, नावांच्या फळीसमोर जाऊन उभी राहिले. फळी लाकडाची, अक्षरं पितळेची, काच कुठेच नाही. समोर फक्त नावं दिसत होती. कपाट बरोब्बर माझ्या पाठीमागे होतं.



४

सकाळी टेस मला नदीच्या बांधाजवळ भेटली. वर्तमानपत्राशी बोलायची तिला बंदी होती, म्हणून ती कुत्र्याला फिरवत होती आणि मी योगायोगानं तिथं होते. कुत्रं माझंच होतं.

डोक्यावरून विमान गेलं. त्याच जातीचं. ते दिसेनासं होईपर्यंत टेस वर बघत राहिली.

"कोणी नेला?" तिनं विचारलं.

"मी तुलाच विचारायला आलेय."

ती माझ्याकडे वळली. इतका संताप मी त्या पोरीच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "मी? ग्वेन, अख्ख्या जगात माझ्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच वस्तू होती!"

"मग काल रडत का गेलीस?"

"सुटकेनं!" तिनं डोळे पुसले. "महिनाभर सगळे सांगतायत, तू झाकण नीट लावलं नाहीस. इतके जण, इतक्या वेळा, की मलाच वाटायला लागलं, असेल बाबा, विसरले असेन. रात्र रात्र आठवत बसायचे. काल बघितलं आणि कळलं. मी लावलं होतं."

"कसं कळलं?"

"बोल्ट आवळला की आम्ही वरून रंगाची एक रेघ मारतो. नारिंगी. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत, एकच ओढ. नंतर बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. त्या तुकड्यावर माझी रेघ सरळ आहे. बोल्ट जागचा हललाच नाही. त्याच्या शेजारचा पत्रा फाटलाय, आणि फाटलेल्या कडेच्या आत काळं आहे. मळ आहे, ग्वेन. आधीपासूनची भेग आहे ती. आणि माझ्या विमानात असेल तर..." ती पुन्हा वर बघायला लागली.

"फोटो काढलास?"

"काढला. वरिष्ठांना दाखवला. म्हणाले, रेघ काय, कोणीही नंतर ओढेल. तुकडा तपासला तरच कळेल. आणि आता तुकडाच नाही."

"पण त्याच्यावर ती कडी लोंबकळत होती ना? उघडी? मीही पाहिली. मला वाटलं, तीच उघडी राहिली."

"ती नुसती वरची कडी. खुराड्यावर आदळल्यावर उघडलीये. झाकण धरून ठेवतो तो बोल्ट. कोणीही मेकॅनिक सांगेल."

कोणीही मेकॅनिक. पण जन्मभर तळावर राहूनही जो मेकॅनिक नव्हता, त्याला काय दिसलं असेल? त्यानं लेकीला हमसून रडत बाहेर पडताना पाहिलं. किल्ली हुकावरच होती. त्यानं कपाट उघडलं आणि त्याला उघडी कडी दिसली.

"टेस, तुझा डॅड आत्ता घरी आहे?"

"नाही. मासे पकडायला जातो म्हणाला. पेटी घेऊन."

"कुठे?"

"इथंच की. वरच्या बांधावर. तिथं पाणी फार खोल आहे."

५

या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावले.

क्लाइव्ह बांधाच्या टोकाला बसला होता. पेटी शेजारी, गळ पाण्यात. गळाला आमिष नव्हतं.

"मासे लागतायत?"

"नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. दम खात म्हणाले, "क्लाइव्ह, मला एक अडचण आलीये. तू म्हणालास, दिवे मंद होत होते तेव्हा तुकडा पाहिलास."

"पाहिला."

"मी काल तुझ्या जागेवर उभी राहिले. तिथून कपाट दिसत नाही. ते पाठीमागे आहे. म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर दिवे मंद झाल्यावर तू त्या नावांकडे, तुझ्या भावाच्या नावाकडे पाठ फिरवलीस. नाहीतर तू खोटं बोललास. यातलं कुठलं छापू?"

त्यानं गळ पाण्यातून ओढून घेतला.  मग म्हणाला, "मी पाठ फिरवली नाही. कधीच नाही."

"माहितीये मला. म्हणून तर आले."

सगळ्या क्लबाची एकच चूक झाली होती. अंधार पडला, दिवे लागले, वस्तू नाही. म्हणजे अंधारात गेली, असं आम्ही धरून चाललो. पण त्या मिनिटात आमच्यातलं कोणी हलत नाही, चोरसुद्धा नाही. स्पार्गो खरं बोलले होते. तुकडा आधीच गेला होता, आणि 'मी शेवटी पाहिला' असं म्हणणारा एकच माणूस होता. त्याला लेकीला वाचवायचं होतं, म्हणून त्यानं चोरी अशा वेळेला ढकलली, जेव्हा लेक तिथं नव्हती.

"एक ट्रे कमी निघाला काल," मी म्हणाले. "चॉप्सखाली ठेवलास ना? आणि माझ्याच परवानगीनं, माझ्या नाकासमोरून घेऊन गेलास. मटण आहे, उन्हाळा आहे."

त्यानं पेटीवर हात ठेवला. "ग्वेन, तू जा."

"आधी ऐक. टेस म्हणते..."

"तिचं नाव घेऊ नकोस!" तो आवाज बांधावरून पलीकडे जाऊन परत आला. "मी बघितली ती कडी. उघडी होती. बघितलंय मी तिला रडताना. चुकली असेल पोरगी. माणूस आहे. तेवढ्यासाठी तिला फाडून खातील ते. मी त्यांना जेवण वाढलंय तीस वर्षं, मला माहितीयेत ते. पुरावाच नसेल तर काय करतील?"

मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. नारिंगी रेघ, न हललेला बोल्ट, आतली काळी भेग. ते अश्रू कसले होते तेही सांगितलं.

"पुरावा नसेल तर त्यांचंच म्हणणं खरं ठरेल, क्लाइव्ह. तिला वाचवणारी वस्तू तू बुडवायला आणलीयेस."

त्यानं पेटी जवळ ओढली. "म्हणजे हे तुला द्यायला सांगतेयस मला."

"सांगत नाहीये. पोलिसालाही सांगितलेलं नाही. सहाला सभा रंगात असेल. ये नाहीतर येऊ नकोस."

मी उठून चालू लागले. पेटी हिसकावून घ्यायला हवी होती, असं माझं एक मन सांगत होतं. पण हा तुकडा हिसकावून आणला असता, तर लोक म्हणाले असते, वर्तमानपत्रवालीनं रेघ रंगवली.

वळणावर पोचले तेव्हा मागून पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मागे वळून बघायचं मला धैर्य झालं नाही.

६

सभेला क्लब खचाखच भरला होता. रिकाम्या कपाटात लॉरेलची चिठ्ठी तेवढी होती. डॉ. फॅल पहिल्या रांगेत मांडीवर भिंगाची पेटी घेऊन बसल्या होत्या, पण तपासायला काहीच नव्हतं. टेस शेवटच्या रांगेत. क्लाइव्ह अगदी उशिरा आला, पेटी घेऊन, आणि नेहमीप्रमाणे पुढे भिंतीशी जाऊन उभा राहिला. पेटी हलकी की जड, मला काही ओळखता आलं नाही.

स्पार्गोंनी निवेदन वाचलं. किरकोळ घटना. वैयक्तिक चूक. कार्यवाही सुरू.

"बाकीची विमानं तपासली का?" मी विचारलं.

"सर्व विमानं उड्डाणयोग्य आहेत."

"मी ते नाही विचारलं. तपासली का?"

"मिसेस पासमोर, तपासाधीन बाबींवर..."

"शाळेवरून उडतायत ती!" मागून कोणीतरी आई ओरडली. "हो की नाही, एवढंच सांगा!"

स्पार्गोंनी कागदाकडे पाहिलं. तेवढ्यात सहा वाजले.

दिवे मंद झाले. भांडणारा अख्खा हॉल उठून पश्चिमेकडे वळला, स्पार्गोसुद्धा. ध्वनिफीत वाजली. शेवटची ओळ आली, आणि आम्ही सगळ्यांनी ती म्हटली, पण ती फार विरळ वाटली. काहीतरी कमी होतं. क्षणभरानं मला कळलं. क्लाइव्हचा आवाज नव्हता.

शांततेत पुढून एक पाऊल वाजलं. मग दुसरं, कडेनं मागे जाणारं. काचेचं दार सरकल्याचा आवाज आला. त्या हॉलमध्ये माझ्या आयुष्यात त्या मिनिटाला कधी कोणी हललं नव्हतं. तरी एकही मान वळली नाही.

दिवे लागले. क्लाइव्ह कपाटाशी उभा होता. अंगावर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे डाग, दोन्ही हातांत तुकडा. कपाट उघडं होतं, पण त्यानं तो आत ठेवला नव्हता.

"मी घेतला होता," तो म्हणाला. आवाज इतका लहान की मागच्यांना ऐकू गेला नसावा. "सकाळी पेटीतलं सगळं मटण पाण्यात टाकलं. हा टाकता आला नाही. आत्ता तिथं त्या नावांसमोर उभा होतो. हे पायाशी ठेवून त्यांच्याकडे बघवेना."

तो चालत गेला आणि तुकडा डॉ. फॅलच्या समोर टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग लावलं. 

"रेघ अखंड आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "धूळ आणि तेल तिच्यावर बसलंय, खाली नाही. म्हणजे ती उड्डाणाआधीची. बोल्ट फिरलेला नाही. आणि भेग जुनी आहे, ती एका दिवसात पडलेली नाही. अहवाल प्रयोगशाळेतून येईल. पण झाकण उघडं राहिलं होतं असं जो म्हणतो, त्यानं हे पाहिलेलं नाही."

सगळं गाव स्पार्गोंकडे बघत होतं. त्यांनीही पुढे येऊन वाकून तो पाहिला. मग निवेदनाची घडी घालून खिशात ठेवली.

"मला हेच बघायचं होतं," ते म्हणाले. "हिवाळ्यात दुसऱ्या एका विमानावर अशीच भेग सापडली होती. याच जागी. मी दोनदा विचारलं, ते पत्रकात का नाही. मला सांगितलं गेलं, लोक घाबरतील." त्यांनी एकदा टेसकडे पाहिलं. "नाही. बाकीची विमानं तपासलेली नाहीत."

मग जो गलका झाला तो लिहीत बसत नाही. केल्विननं टेबलावर उभं राहून विमानं जमिनीवर ठेवायचा ठराव मांडला, जणू कल्पना त्याचीच. लॉरेलनं स्पार्गोंसमोर बिअर ठेवली आणि म्हणाली, "ही डचेसकडून." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेवरून एकही विमान गेलं नाही.

पण मला आठवतं ते त्या गलक्याच्या कडेला घडलेलं. टेस येऊन बापासमोर उभी राहिली होती. तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

"डॅड, तू मला एकदा विचारायचंस. नुसतं विचारायचंस."

"हो."

"का नाही विचारलंस?"

क्लाइव्हनं उघड्या, रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. "उत्तराची भीती वाटली."

तिनं त्याची ओली बाही धरली आणि तशीच धरून उभी राहिली.

पुढच्या अंकात मी सगळं छापलं. भेग, रेघ, हिवाळ्यातलं दुसरं विमान, पत्रकातून गाळलेली ओळ. मटणाच्या पेटीचं मात्र सांभाळून, क्लाइव्हला विचारून. तळाच्या प्रमुखांनी फोन करून विचारलं, मथळा कोणाचं वाक्य आहे, आमच्यातल्या कोणी असं म्हटलेलं नाही. मी सांगितलं, एका बापाचं आहे, पण तुम्हाला बसत असेल तर ठेवून घ्या.

मथळा होता, 'उत्तराची भीती वाटली.'